तीन कप मैदा म्हणजे नक्की किती?

डिसेंबर लागला की इथे न्यू जर्सीत बऱ्याच घरांत वरच्या फळीवरून एक छोटी पेटी खाली निघते. आत तीन बाय पाच इंचांची कार्डं, आणि त्यांतलं सर्वांत तेलकट डाग पडलेलं कार्ड हमखास नाताळच्या शुगर कुकीजचं, म्हणजे चांदणीसारख्या साच्यांनी कापलेल्या गोड बिस्किटांचं. पणजीने लिहिलेलं, आजीने खाडाखोड केलेलं, आईने कोपऱ्यात भर घातलेलं. शेजारीपाजारी, ऑफिसात ‘कुकी एक्स्चेंज’ भरतं. प्रत्येकाने आपल्या घरची एकच कुकी डझनांच्या हिशेबाने करून आणायची आणि जाताना सगळ्यांच्या थोड्या थोड्या डब्यात भरून न्यायच्या. दिवाळीत फराळाची ताटं फिरवणाऱ्यांना यात नवं काही नाही. कृती मागितली तर सहसा कोणी आढेवेढे घेत नाही, कार्डाचा फोटो त्याच संध्याकाळी फोनवर येतो. हा मोकळेपणा मला मनापासून आवडतो.

पण त्या कार्डावर एक ओळ असते, ‘मैदा ३ कप’. माझा सगळा राग त्या ओळीवर आहे.

पेट्रोल गॅलनच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा हा देश मैदा मात्र कपाने मोजतो. अमेरिकन कप म्हणजे साधारण २३७ मिलिलिटर. दूध, पाणी, तेल त्याने व्यवस्थित मोजता येतं. साखरही मोजता येते, कारण दाणे फारसे दबत नाहीत. कोणीही भरला तरी कपात २०० ग्रॅमच्या आसपास साखर बसते. बटरला तर कप लागतच नाही. ते ११३ ग्रॅमच्या कांड्यांत येतं, वेष्टनावर टेबलस्पूनच्या रेघा छापलेल्या असतात, रेघेवर सुरी ठेवून कापलं की झालं. मैदा मात्र हवा धरून ठेवतो. चाळून चमच्याने हलकेच कपात सोडला तर तो ११५ ग्रॅम भरतो. पिशवीतच मोकळा करून चमच्याने भरला तर १२० ते १२५. कप थेट पिशवीत खुपसून वर काढला तर १४० ते १४५, आणि ओट्यावर आपटून बसवला तर त्याहून जास्त. म्हणजे एकाच कार्डावरचे ‘३ कप’ एका घरी ३४५ ग्रॅम होतात आणि दुसऱ्या घरी ४३५. बटर तेवढंच, साखर तेवढीच, आणि मैद्यात नव्वद ग्रॅमचा फरक! एका घरच्या चांदण्या ओव्हनमध्ये पसरून गोल होतात, दुसऱ्या घरच्या लाटतानाच कडेला तडकतात आणि खाताना पिठूळ लागतात.

जुन्या कार्डांचा घोळ याहून खोल आहे. पूर्वी इथे मैदा चाळून मगच मोजायची पद्धत होती. पुढे गिरण्या चाळलेलाच मैदा पिशवीत भरून विकू लागल्या, घरातली चाळणी मागे पडली, पण कार्डावरचा आकडा तोच राहिला. पिशवीतला मैदा दुकानापर्यंत येईतो पुन्हा दबून बसतो, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. ‘आजीसारख्या होत नाहीत’ अशी हळहळ इथे दर नाताळात ऐकू येते, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ एवढंच असतं. म्हणून कार्ड नीट वाचायचं. ‘चाळलेला मैदा ३ कप’ असेल तर आधी चाळा, मग मोजा. ‘मैदा ३ कप, चाळून’ असेल तर आधी मोजा, मग चाळा. त्याच कार्डावर कॅपिटल टी म्हणजे टेबलस्पून, १५ मिलिलिटर, आणि स्मॉल टी म्हणजे टीस्पून, ५ मिलिलिटर. बेकिंग पावडरच्या बाबतीत ही गल्लत झाली तर कुकीचा केक होतो. ‘ओलिओ’ लिहिलेलं दिसलं तर ते मार्जरिन. ‘मॉडरेट ओव्हन’ म्हणजे ३५० ते ३७५ अंश फॅरनहाइट.

फॅनी फार्मर या बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्रमुख. त्यांनी १८९६ सालापासून सपाट मापाचा आग्रह धरला आणि तो देशभर रुजला. त्याआधी कप म्हणजे चहाचा कुठलाही कप आणि लोणी ‘अंड्याएवढं’ असं चालायचं. त्यांचं काम मोठंच आहे. शीग कापल्याने अर्धा गोंधळ मिटला. पण आतला मैदा किती दाबलाय हे वरून सुरी फिरवून कळत नाही.

‘आपल्याकडे सगळं अंदाजपंचे’ हे वाक्य इथल्या मराठी घरांत फार सहज उच्चारलं जातं, आणि मला ते मान्य नाही. शंकरपाळ्यांचं माप आठवा: एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध, मावेल तेवढा मैदा. वाटी लहान की मोठी याने काही अडत नाही, कारण तिन्ही जिन्नस एकाच वाटीचे, प्रमाण हलत नाही. आणि जो जिन्नस वाटीत धड मोजता येत नाही, नेमका तोच हातावर सोडलाय. पिठाची जात, हवेतला दमटपणा, दाबलेपणा, सगळं त्यात आपोआप धरलं जातं. अगदी जुन्या अमेरिकन कार्डांवरही ‘लाटता येईल इतका मैदा’ अशी ओळ सापडते. म्हणजे त्या पणज्यांनाही हे ठाऊक होतं. अडचण एकच, मावेल तेवढा म्हणजे केवढा हे परातीशेजारी बसून शिकावं लागतं. ते फोटोत येत नाही, आणि समुद्रापार तर नाहीच. तिथे वजनकाटा हवा. इथल्या मैद्याच्या बहुतेक पिशव्यांवर, मागच्या पोषणाच्या तक्त्यात, ‘पाव कप, ३० ग्रॅम’ असं छापलेलं असतं. म्हणजे कप १२० ग्रॅमचा. कार्डावर चाळण्याबद्दल काही नसेल तर हाच हिशेब धरावा. ऑस्ट्रेलियात असाल तर तिथला कप २५० मिलिलिटरचा आणि टेबलस्पून २० चा, हे वेगळंच.

तर ग्रॅममधलं माप असं: बिनमिठाचं बटर २२६ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, एक अंडं (कवचाशिवाय ५० ग्रॅम), मैदा ३६० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, व्हॅनिला दोन टीस्पून. आवडत असेल तर बदामाचा अर्क पाव टीस्पून, त्याहून जास्त नको, कडवट लागतो. अडीच इंची साच्याने पस्तीसेक कुकीज होतात.

बटर मऊ हवं, पण चकाकणारं नको. बोट दाबलं तर खळगा पडावा आणि बोट तुपकट होऊ नये. हे १८ ते २० अंश सेल्सियसला होतं. कार्डावरचं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे इथली हिवाळ्यातली खोली, आपल्याकडची नव्हे. मुंबईत फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागा. बटर आणि साखर हँड मिक्सरने दोन मिनिटं फेटा. केकसारखं पांढरंशुभ्र होईस्तोवर फेटू नका. भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, मग बसते, आणि आकाराच्या कडा विरघळून जातात. अंडं आणि व्हॅनिला घालून एकजीव करा. मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र करून दोनदा घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मळायचं नाही. करंजीच्या पारीला मळून, कुटून तिंबणारे आपले हात इथे आवरावे लागतात. मळलं की मैद्यातला चिकटपणा ताणला जातो आणि कुकी वातड होते.

गोळा फ्रिजमध्ये ठेवून नंतर लाटायला घेऊ नका, तो दगड होतो आणि लाटताना फुटतो. मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून ६ मिलिमीटर जाड लाटा आणि ती पोळीच ट्रेवर आडवी ठेवून तासभर गार करा. पेपरमध्ये लाटल्याने पिठी लावावी लागत नाही, आणि आधी तोललेल्या मैद्याचा हिशेब बिघडत नाही. साचे एकमेकांना चिकटून मारा. उरलेल्या कातरणांचा गोळा एकदाच पुन्हा लाटावा. दुसऱ्यांदा लाटलेल्या कुकीज आक्रसतात. कापलेले आकार ट्रेवर मांडून पुन्हा दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. ही पायरी गाळली जाते आणि तिथेच चांदणीची टोकं जातात, कारण बटर वितळायच्या आत अंडं आणि मैदा आवळून बसायला हवेत.

ओव्हन ३५० फॅरनहाइट, म्हणजे १७५ ते १८० सेल्सियस, आणि वेळ ९ ते ११ मिनिटं. ट्रे फिक्या रंगाचा, गार, बटर पेपर घातलेला. काळा ट्रे तळ करपवतो, गरम ट्रेवर ठेवलेली कुकी लगेच पसरते. कडेला जेमतेम सोनेरी छटा आली आणि मध्यभाग अजून फिका, किंचित मऊ असला की बाहेर काढा. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या, तेवढ्यात ती आवळते. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) पंधरा मिनिटं आधी तापवा. पंखा चालू असेल तर तापमान दहा-पंधरा सेल्सियस कमी.

आता भारतात करणाऱ्यांसाठी. आपली साखर जाड असते, मिक्सरमधून दोन-तीन वेळा फिरवून बारीक करा, पण पिठी करू नका. नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, मग वरचं मीठ वगळा. साजूक तुपात करायच्या असतील तर १८० ग्रॅम तूप घ्या आणि दोन टेबलस्पून दूध घाला, कारण बटरमधलं पाणी तुपात नसतं. ती कुकी नानकटाईच्या वळणावर जाते, विलक्षण खुसखुशीत होते, पण नाजूक आकार धरत नाही. गोल किंवा चंद्रकोर ठेवा. अंड्याऐवजी दोन ते तीन टेबलस्पून दूध, बेताबेताने.

वरच्या पांढऱ्या थराला रॉयल आयसिंग म्हणतात: पिठी साखर ४५० ग्रॅम, मेरँग पावडर (अंड्याच्या सुकवलेल्या पांढऱ्याची) ३ टेबलस्पून, कोमट पाणी ५ ते ६ टेबलस्पून. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात साल्मोनेलाची भीती असते, म्हणून ही पावडर. कच्चं पीठ चाटणंही त्याच कारणाने टाळा. त्यात मैदाही कच्चाच असतो, आणि मैद्यातून इथे लोक आजारी पडलेले आहेत. आयसिंगमध्ये सुरी ओढून रेघ पाडा. ती पंधरा ते वीस सेकंदांत मिटली तर पसरायला योग्य, त्याहून लवकर मिटली तर कडेवरून ओघळेल. कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका. सुकायला आठ ते बारा तास लागतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत पंख्याखाली ठेवूनही जास्त. वरचा थर बोटाच्या नखाने दाबून खळगा पडत नाही याची खात्री झाल्यावरच डब्यात थर लावा, मध्ये बटर पेपर घालून. आठ-दहा दिवस छान राहतात.

इथे बऱ्याच शाळांत घरचं काही वर्गात वाटू देत नाहीत, घटकांची यादी छापलेलं दुकानातलंच लागतं. आधी हा नियम रुक्ष वाटतो, पण त्यामागे ॲलर्जीची काळजी आहे. पाकिटावर लिहायलाच हवेत असे ॲलर्जीचे नऊ जिन्नस इथल्या कायद्यात आहेत, त्यात २०२३ पासून तीळही आले. या कुकीत गहू, दूध आणि अंडं आहे, बदामाचा अर्क घातला तर कदाचित चौथाही. एक्स्चेंजला नेताना डब्यावर हे लिहून नेतात, आणि ते आपणही घ्यावं असं मला वाटतं. शाकाहारी पाहुण्यांसाठीचा डबा वेगळा असला तर ‘अंडं आहे’ आणि ‘अंडं नाही’ झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा, तळाशी नको.