५७६ नेमका का निसटतो?

शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांना १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्या पाठ असतात, जोडमूळ (म्हणजे दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ) संख्यांच्या ८ जोड्याही पाठ असतात. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. मला ते अपुरं वाटतं. म्हणून साताऱ्यात गोडोलीतल्या माझ्या आठवीच्या शिकवणीत मी लागोपाठच्या दोन-दोन मूळ संख्यांची सरासरी काढायला लावते. २ सोडायचा, कारण २ आणि ३ ची सरासरी अडीच. पुढच्या सगळ्या विषम, त्यामुळे उत्तर पूर्णांकच : ४, ६, ९, १२, १५, १८, २१, २६, ३०, ३४...

यात मूळ संख्या कधीच येणार नाही. लागोपाठच्या दोघींच्या मध्ये तिसरी असेलच कशी! हे मुलांना लगेच पटतं.

यंदा पोवई नाक्याकडून सायकलवर येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात वर्गसंख्या कुठल्या कुठल्या येतात?" ३० पर्यंतचे वर्ग तिला तोंडपाठ. ४, ९, ६४, ८१ सापडले. मग १४४ (१३९ आणि १४९ मधला), २२५, ३२४, ४४१. म्हणजे १२, १५, १८, २१ चे वर्ग. तीन-तीनची उडी! आता २४ चा येणार म्हणून सगळ्यांनी वहीत डोकं घातलं. पण ५७६ च्या अलीकडे ५७१, पलीकडे ५७७. सरासरी ५७४.

मुलं हिरमुसली, मला मात्र इथेच खरी गंमत दिसते. ५७७ मूळ आहे, म्हणजे ५७६ मधोमध यायला ५७५ मूळ हवी. ती कशी असेल? ५७५ म्हणजे २४ चा वर्ग वजा १, म्हणजेच २३ गुणिले २५. बेरीज गुणिले वजाबाकीचं हे सूत्र मुलं रोज घोकतात, पण त्याने एखादी संख्या मूळ होण्यापासून अडते, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. १६, ३६, १००, २५६, ४०० यांच्याही लगेच पुढची संख्या मूळ, म्हणून तेही याच कारणाने बाद. ४ तेवढा सुटतो, कारण तिथे १ गुणिले ३ होतं.

१२१ ला असं कारण नाही. त्याच्या शेजारी ११३ आणि १२७, सरासरी १२०. थोडक्यात हुकला, एवढंच.

६२५ मात्र यादीत आहे, ६१९ आणि ६३१ मुळे. मग २६ ते ३२ पर्यंत एकाचाही वर्ग लागत नाही. पुढचा थेट ३३ चा, १०८९ : अलीकडे १०८७, पलीकडे १०९१.