काळ्या मातीतून रनवेपर्यंत: माझा अनुभव

लहानपणी नवरात्रात आम्ही बिजासनला, म्हणजे इंदूरच्या विमानतळाजवळच्या टेकडीवरच्या देवीला जायचो. दर्शन झालं की बाबा मला टेकडीच्या कडेला घेऊन जायचे, तिथून विमानं उतरताना दिसायची. विमान चालवावं असं मला कधी वाटलं नाही. मी विचारायचे, "बाबा, हा एवढा रुंद रस्ता कोणी केला?" बाबा म्हणायचे, "असतील कोणी इंजिनिअर." तो प्रश्न डोक्यात राहून गेला. सिव्हिल करून विमानतळाच्या कामात कसं शिरायचं, असं अलीकडे ओळखीतल्या दोन-तीन मुलींनी विचारलं, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

२०२१ मध्ये इंदूरहूनच सिव्हिलची पदवी घेतली. कॉलेजात विमानतळ म्हणजे ट्रान्सपोर्टेशनच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण, वेळ उरला तर शिकवायचं. बॅचमधले बहुतेक जण बिल्डरकडे नाहीतर हायवेवर लागले. मी काही कन्सल्टन्सींना अर्ज केले. एका ठिकाणी तासभर मुलाखत चालली, उत्तरं बरोबर आली, आणि शेवटी समोरचे गृहस्थ म्हणाले, "काम रात्रीचं असतं. मुलींना आम्ही घेत नाही." लोकमान्य नगरला घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला रात्रीचं काम जमेल का, एवढंच सांग." मी म्हटलं, जमेल. "मग दार उघडायला मी जागी आहे."

पुढे मिळाली ती नोकरी माती तपासण्याच्या एका लहानशा लॅबमध्ये. पगार थोडा होता, पण आज वळून बघते तेव्हा वाटतं, माझं खरं शिक्षण तिथे झालं. लॅब सांभाळणारे गृहस्थ रामबागेतले, सगळे त्यांना भाऊ म्हणत. सीबीआरची, म्हणजे माती किती भार पेलते ते मोजायची चाचणी त्यांनी मला हाताला धरून शिकवली. मातीचा साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, वर डायल लावायचा आणि रोज काटा बघायचा. आमची माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते. मुरमाच्या साच्यावरचा काटा जिथल्या तिथे असायचा, काळ्या मातीचा मात्र रोज सकाळी थोडा पुढे गेलेला दिसायचा. चौथ्या दिवशी साचा मशीनखाली ठेवला की दांडा लोण्यात जावा तसा आत जाई. सीबीआर जेमतेम दोन टक्के. मी आकडा घाईने लिहायला घेतला की भाऊ म्हणायचे, "अगं, आधी माती हातात घेऊन बघ, मग लिही." उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा, अशा जमिनीवर विमान उभं करायचं तर ती माती काढून तरी टाकावी लागते, नाहीतर चुना मिसळून सुधारावी लागते. आणि पाणी तिच्यापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. विमानतळाच्या कामात निचऱ्याला एवढं महत्त्व का, हे मला पुस्तकाआधी त्या डायलने सांगितलं.

त्या लॅबमुळेच विमानतळावरच्या पेव्हमेंटच्या कामावर, एका ठेकेदाराच्या क्वालिटी विभागात जागा मिळाली. आत जायला पास लागतो, त्याआधी पोलीस पडताळणी. त्यात बरेच दिवस जातात, तेवढी तयारी ठेवा.

काम एप्रनचं होतं, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा. तिथे काँक्रीटच का, हे मला आधी माहीत नव्हतं. विमान एकाच जागी तासन्‌तास उभं असतं, शिवाय इंधन सांडतं, आणि इंधनाने डांबर मऊ पडतं. रनवेवर मात्र बहुतेक ठिकाणी डांबर असतं, कारण रात्रीच्या काही तासांत थर टाकून सकाळी पट्टी पुन्हा विमानांना देता येते.

मे महिन्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. पीक्यूसीचा, म्हणजे जाड काँक्रीटचा पॅनेल संध्याकाळी ओतला होता. सांधे करवतीने कापायचे असतात आणि त्याची वेळ साधावी लागते. लवकर कापलं तर कडेची खडी उखडते, उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनाने कुठेही तडकतं. मिस्त्री दर थोड्या वेळाने वाकून खिळ्याने ओरखडा ओढत होता. अकरा वाजता ओरखड्यातून ओली पेस्ट वर आली. एक वाजता नुसती पांढरी रेघ उमटली, तरी तो थांबला. पावणेदोनला त्याने माझ्या हातात खिळा दिला. मी रेघ ओढली, खडी जागची हलली नाही. "चलाओ," तो म्हणाला आणि करवत सुरू झाली. पहाटे ओलं गोणपाट अंथरून आम्ही निघालो. २८ दिवसांनी त्याच काँक्रीटचे बीम वाकवून मोडले तेव्हा ताकद हवी तेवढी भरली. भाऊंना फोन करून मी तो आकडा सांगितला.

नोकरी करत गेट, म्हणजे इंजिनिअरांची देशपातळीवरची परीक्षा दिली. २०२३ च्या प्रयत्नात मार्क कमी पडले. रात्रपाळी करून झोपेच्या वेळात अभ्यास होत नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला. पुढच्या वर्षी ठेकेदाराला सांगून तीन महिने फक्त दिवसपाळी घेतली. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० मार्क. रनवेची लांबी काढणं अभ्यासक्रमात आहे, आणि ते गणित मी इंदूरवरच करून पाहिलं. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानाला १८०० मीटर पुरणारं विमान घ्या. उंचीसाठी दर ३०० मीटरमागे ७ टक्के वाढवायचे. आपला विमानतळ सुमारे ५६४ मीटरवर, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. ते झाले २०३७ मीटर. त्या उंचीवरचं प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास. उन्हाळ्याचे ३५ अंश धरले तर फरक जवळपास २४ अंशांचा, आणि दर अंशाला १ टक्का. लांबी २५०० च्या पुढे गेली. दोन्ही मिळून वाढ ३५ टक्क्यांहून जास्त झाली, आणि अशा वेळी सूत्रावर न थांबता त्या जागेचा वेगळा अभ्यास करावा असा नियम आहे. तापलेली हवा विरळ, पंखांना उचल कमी, म्हणून धावायला जास्त जागा. बिजासनवरून दिसणारा तो रस्ता एवढा लांब का, हे मला त्या दिवशी आकड्यांत कळलं.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या जाहिरातीचे अर्ज २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. एकूण ४९० जागा, त्यात सिव्हिलच्या ९०, आणि फक्त त्याच वर्षीचं गेट ग्राह्य. वयाची अट २७, वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,०००. २०२५ च्या जाहिरातीत ९७६ जागा होत्या, सिव्हिलच्या १९९, आणि २०२३, २०२४, २०२५ यांपैकी कुठल्याही वर्षाचं गेट चाललं. अट अशी बदलते, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सर्वांत जास्त जागा इलेक्ट्रॉनिक्सच्या असतात, आर्किटेक्टनाही थोड्या असतात.

निवड गेटच्या मार्कांवर झाली, वेगळी लेखी परीक्षा किंवा मुलाखत नव्हती, पण कागदपत्रांच्या पडताळणीने माझा जीव काढला. दहावीच्या मार्कशीटवर माझं नाव वडिलांच्या नावासकट आहे, पदवीवर नुसतं नाव आणि आडनाव. दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत, हे दाखवायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. एका कार्यालयात तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. बाबा निवृत्त आहेत, ते माझ्यासोबत त्या बाकावर बसून राहायचे. तुमची नावं आजच जुळवून बघा, जाहिरातीची वाट बघू नका. राखीव जागेचा दाखला लागणार असेल तर तो केंद्राच्या नमुन्यात काढा, राज्याचा चालत नाही.

सरकारी नोकरी हाच एक रस्ता आहे असं मी म्हणणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. असली कामं कन्सल्टन्सी आणि ठेकेदारांची माणसं करतात आणि तिथे माती-काँक्रीट हाताळलेल्या मुलांना मागणी आहे.

नेमणूक इंदूरला मिळाली नाही. निघण्याआधी आम्ही तिघं बिजासनला जाऊन आलो. इथे पहिल्याच आठवड्यात मी निचऱ्याचा नकाशा मागून घेतला. पावसाळा तीन आठवड्यांवर आला आहे आणि रनवेच्या उत्तरेकडची नाली दोन ठिकाणी गाळाने भरली आहे. उद्या पहाटे, पहिलं विमान यायच्या आत, ती पायी बघायची आहे.