पाहुणे आणि गवत

माझी मावसबहीण, आमची ताई, स्वित्झर्लंडमधल्या बर्नर ओबरलांडात एका डोंगरगावात राहते. युरोपच्या दौऱ्यात चार रात्रींचं हॉटेल वाचेल हा हिशेब मनात होता, नाही म्हणत नाही. लाउटरब्रुनेनच्या दरीतून वर चढताना मऊ हिरवे उतार, उन्हाने काळी पडलेली लाकडी घरं, खिडक्यांत लाल जिरेनियम आणि माथ्यावर आयगर, म्योंख, युंगफ्राउ असं सगळं जागच्या जागी होतं. निसर्गाने मन लावून काम केलंय, असं मी म्हणाले. ताई नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी युंगफ्राउयोखला, म्हणजे म्योंख आणि युंगफ्राउ यांच्यामधल्या बर्फाळ खिंडीत, जायचं ठरलं होतं. पण पुढचे दोन-तीन दिवस कोरडे जाणार असा अंदाज आला आणि घराचा नूरच पालटला. जुलैतलं ऊन गवताच्या कामाचं. ते पाहुण्यांवर कोण उधळणार? भावोजी तिथलेच. हिवाळ्यात स्की-लिफ्टवर नोकरी आणि बाकीचं वर्ष शेती. एवढ्याशा शेतीवर घर चालत नाही म्हणून तिकडे असे दोन-दोन धंदे करणारे बरेच आहेत. गाई जूनमध्येच वरच्या कुरणांवर गेलेल्या, त्या उतरणार सप्टेंबरात. तोवर त्यांच्या हिवाळ्याची बेगमी खाली करायची.

मी ज्याला कुरण म्हणून फोटोत घेत होते, त्यावर नुसतं उभं राहायला पोटऱ्या घट्ट कराव्या लागतात. ट्रॅक्टर तिथे उलटेल. म्हणून भावोजी दातेरी लोखंडी चाकांचं, हाताने धरायचं यंत्र आडवं चालवत गवत कापतात, आणि मागून ताई नि सासूबाई लाकडी दाताळ्यांनी ते पसरतात, उलटतात, खाली ओढतात. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांना माझं आणि मला त्यांचं अक्षर कळत नव्हतं, पण मी दाताळं उलटं धरलंय हे त्यांनी मला नीट समजावलं.

जेवताना भावोजींनी खरी गोष्ट सांगितली, ताई मराठीत आणत होती. हे उतार कापायचे थांबवले, की आधी झुडपं येतात, मग जंगल. म्हणजे मी ज्याचं श्रेय निसर्गाला दिलं, ते निसर्गाच्या हाती दिलं असतं तर एव्हाना दिसेनासंच झालं असतं. सरकारलाही हे ठाऊक आहे. तिथे शेतकऱ्यांना वर्षाला सुमारे २.८ अब्ज फ्रँक थेट अनुदान मिळतं आणि त्यात उताराचा वेगळा हिशेब असतो: १८ टक्क्यांच्या पुढे एक दर, ३५च्या पुढे त्याहून जास्त, ५०च्या पुढे आणखी. देखाव्याला चढत्या भाजणीने पगार! मला हे फार आवडलं. भावोजींना तितकंसं नाही. फॉर्म भरावे लागतात म्हणाले.

दुपारी पायवाटेने जाणारे पर्यटक थांबून आमचे फोटो काढत होते. आपण कुणाच्या तरी सहलीत 'स्थानिक जीवन' झालोय या जाणिवेने मी दाताळं जरा ऐटीत मारलं. ताई ओरडली, ''फोटो नंतर, आधी ती कड ओढ!''

गवत माळ्यावर चढलं आणि पाऊस आला. आमचं युंगफ्राउयोख त्या दिवशी. सकाळी टीव्हीवर तिकडे डोंगरमाथ्यांवरच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं दाखवतात. आमच्या खिंडीचं चित्र स्वच्छ करडं होतं. सासूबाईंनी पडद्याकडे बोट केलं, मग आमच्याकडे पाहून मान हलवली. पण तिकिटं काढलेली, आणि तिथली तिकिटं काही स्वस्त नसतात. १९१२ साली डोंगर पोखरून नेलेल्या त्या रेल्वेने आम्ही ३४५४ मीटरवर पोचलो आणि तेच करडं चित्र जवळून पाहिलं. ताई आलीच नाही. पाहुण्यांपायी तिचं युंगफ्राउयोख इतक्यांदा झालंय की यापुढे बर्फ दाखवायला भावोजींना पाठवणार आहे म्हणे.