तुम्ही विचारलंत म्हणून: काडतुसं घरी भरावीत का?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. परवा कोरेगावहून मुलीला घेऊन आलेल्या एका वडिलांनी मोबाईलच पुढे धरला. अमेरिकेतला कुणीतरी गॅरेजमध्ये बसून, उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू-गोळी भरत होता. "मॅडम, निम्म्यात पडतात म्हणे. ते यंत्र केवढ्याला येतं?"

मी साताऱ्यात मुलांना १० मीटर एअर रायफल शिकवते. त्यांना म्हटलं, दादा, तुमच्या पोरीच्या रायफलीत काडतूसच नसतं. दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. भरायचं काय?

"पण पुढं पॉइंट टू टूची काडतुसाची रायफल घेतली तर?" म्हणजे कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य आणलं, तो ५० मीटरचा प्रकार. तिथंही जमत नाही. त्या काडतुसाला वेगळी टोपी, म्हणजे ठोका बसताच पेटून दारूला आग देणारी वाटी, नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि पिन बसली की ती कड चेपते. रिकामी पुंगळी मग भंगारात.

व्हिडिओतला माणूस भरतो ती मोठ्या बंदुकांची, वेगळी टोपी असलेली काडतुसं. त्यांत पितळी पुंगळीच सगळ्यांत महाग, आणि ती पुनःपुन्हा वापरता येते. नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. वाचतात ते पुंगळीचे पैसे. त्यासाठी प्रेस, साचे, बारीक तोलाचा काटा अशी शेकडो डॉलरची मांडणी आधी करावी लागते. आणि तिथलेच जुने लोक हसत सांगतात की पैसे काही वाचत नाहीत, तेवढ्यातच बार जास्त उडतात.

आपल्याकडे हे गणित मांडायच्या आधीच कायदा आडवा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायच्या परवान्यात ते बसत नाही. विनापरवाना बनवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हे ऐकल्यावर मोबाईल खिशात गेला.

माझ्या आजोबांकडे पाटणच्या डोंगरात ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजी म्हणायची, आता डुकरांनीही मतदान होईपर्यंत थांबावं. दारू, छर्रे, चिंध्या, वर गज. सगळं हातानं ठासायचं. त्यांच्या उजव्या गालावर निळसर ठिपके होते. लहानपणी मला ते गोंदण वाटायचं. एकदा टोपीचा भडका मागं आला होता आणि दारूचे कण कातडीत बसले ते कायमचे. घरी काडतूस भरायचं म्हटलं की मला तो गाल आठवतो.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला रायफल घेऊच नका. परदेशी स्पर्धेची रायफल दोन लाखांच्या पुढे जाते आणि निम्मी मुलं दहावीच्या वर्षी थांबतात. रेंजवरची वापरा. देशी बनावटीचा नेमबाजीचा कोट-पँटचा संच वीस-पंचवीस हजारांच्या घरात येतो. तोही सहा महिन्यांनी घ्या, कारण पोरं वाढतात.

सतत गळतो तो छर्ऱ्यांचा पैसा. डब्यात ५०० असतात. सामना ६० बारांचा असतो, पण सरावात रोज १०० सहज जातात, म्हणजे पाच दिवसांत डबा रिकामा. मी मागचा डबा आठशेला घेतला. महिन्यात सरावाचे वीस दिवस धरले तर चार डबे, बत्तीसशे रुपये.

इथं मात्र निम्मं खरंच वाचतं. घरी छर्रा न घालता सराव करायचा: पवित्रा, श्वास, ट्रिगर, आणि दाबल्यावरही नेम तसाच धरून ठेवणं. निशाणावरचा दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. त्याला लागणारी स्थिरता छर्ऱ्यांनी विकत मिळत नाही. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, आवाज नाही ना! पालकांनाही वाटतं, फी भरून पोरगं नुसतं उभंच आहे.

कोरेगावच्या मुलीला सांगितलं, भिंतीवर जमिनीपासून १.४ मीटरवर पेननं ठिपका काढ. रायफल मिळेपर्यंत नुसती काठी धरून उभी राहा, रोज वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. नवीन रंग दिलेल्या भिंतीवर ठिपका कुणी काढायला सांगितला, म्हणून.