तुम्ही विचारलंत म्हणून: घरात आणि गाडीत चालेल असा गाण्यांचा प्लेअर कुठला घेऊ?

परवा गाण्याच्या क्लासमधल्या काकूंच्या मिस्टरांचा फोन आला, "घरी अॅम्प्लिफायरला लावता येईल आणि गाडीतही चालेल असा एकच छोटा प्लेअर सांगा, फोनवर ऐकायचा कंटाळा आलाय, मधेच कुणाचातरी फोन येतो आणि गाणं तुटतं." हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, कारण मी कोल्हापूरहून रत्नागिरीला माहेरी जाते-येते तेव्हा गाडीत गाणं चालूच असतं आणि बरोबर बसलेल्या प्रत्येकाने माझा तो छोटा प्लेअर बघितलेला आहे. आत्तापर्यंत तोंडी सांगत होते, आता एकदा नीट लिहून काढते.

मॉडेलचं नाव लगेच विचारू नका, आधी मला सांगा तुमची गाणी कुठे आहेत? म्हणजे तुमच्याकडे स्वतःच्या फायली आहेत, सीडी आहेत, कॅसेट आहेत, की सगळं अॅपमध्ये आहे? कारण गाणी अॅपमध्येच असतील तर वेगळा प्लेअर घेऊन फार काही साधत नाही, फोनच बरा. अॅपमध्ये डाउनलोड केलेलं गाणंसुद्धा तुमचं नसतं, ठरावीक दिवसांनी एकदा नेटला जोडावं लागतं आणि वर्गणी संपली की ते गाणं गेलं. माझी एक चारशे गाण्यांची यादी अशीच एका अॅपबरोबर गेली, अॅपच बंद झालं. त्यानंतर मी ठरवलं की जे पुन्हा पुन्हा ऐकायचंय ते आपल्या कार्डात पाहिजे. आणि आंबा घाटात शिरलं की साखरपा येईपर्यंत रेंजचा काही भरवसा नाही, पावसाळ्यात तर नाहीच, तिथे स्ट्रीमिंग गोल गोल फिरत बसतं.

माझ्याकडे मुख्य ठेवा म्हणजे बाबांच्या कॅसेट. नव्वद मिनिटांच्या, बऱ्याचशा रेडिओवरून भरून घेतलेल्या, आकाशवाणी संगीत संमेलनाच्या रात्री ते टेपजवळ बसून असायचे, बाजू संपायला आली की आलाप कुठे थांबतोय ते बघून पटकन कॅसेट उलटायची. त्या मी डेकमधून लॅपटॉपमध्ये ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामवर उतरवून घेतल्या, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वदच मिनिटं लागतात, त्यात शॉर्टकट नाही. मूळ प्रत फ्लॅक या प्रकारच्या फायलींत ठेवली, फ्लॅकमध्ये आवाजातलं काही कापलं जात नाही आणि जागा मात्र साध्या वेव्ह फाइलच्या साधारण निम्मी लागते. सीडीच्या प्रतीचं एक तासाचं गाणं फ्लॅकमध्ये सुमारे ३०० ते ३५० एमबी, तेच ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत १४४ एमबी. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात फ्लॅक भरलं तरी साडेतीनशे तास मावतं, रोज तासभर ऐकलं तरी वर्षभर पुरेल. त्यामुळे प्लेअरची आतली मेमरी किती यावर जास्त पैसे घालवू नका, मायक्रो एसडी कार्ड घालायची खाच आहे ना तेवढं बघा.

कार्ड मात्र खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊन. मी एकदा रस्त्यावरच्या स्टॉलवरून १२८ चं स्वस्तात आणलं, सगळी गाणी कॉपी झाली, नावं दिसली, आणि पहिल्या सात-आठ जीबीनंतरची एकही फाइल वाजेना. असली कार्डं आतून छोटी असतात आणि बाहेर मोठा आकडा सांगतात. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, नवीन कार्ड आणलं की आधी तो चालवायचा, तो पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतो. वेळ लागतो पण रात्री लावून झोपायचं.

आता प्लेअर. ख्याल ऐकणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी काय तपासावं, तर गॅपलेस, म्हणजे एका ट्रॅकवरून पुढच्या ट्रॅकवर जाताना मधे फट न पडणं. हे मी फार आग्रहाने सांगते कारण दुकानात कुणी सांगत नाही. मैफलीच्या सीडीवर बऱ्याचदा विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, एका ट्रॅकवर आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, पुढच्या ट्रॅकवर असतं, पण गायक तर थांबलेला नसतो, विलंबिताच्या शेवटच्या तानेतून तो सरळ द्रुताच्या मुखड्यावर येतो. साध्या प्लेअरवर नेमकं तिथेच अर्धा सेकंद शांतता पडते. माझ्याकडे एका मालकंस रागाची अशी प्रत आहे, जुन्या प्लेअरवर तबल्याची समेवरची थाप दर वेळी त्या फटीत अडखळायची, आणि एकदा कानाला ते कळलं की पुढचं द्रुत ऐकायचा आनंदच जातो, आपण त्या फटीचीच वाट बघत बसतो. त्याचं कारण असं, की एमपीथ्रीत आवाज ११५२ नमुन्यांच्या (म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या आवाजाच्या मोजमापांच्या) तुकड्यांत बांधतात, एक तुकडा म्हणजे सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग, आणि फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी तुकडा पुरा करायला शांतता भरावी लागते, ती प्लेअरने ओळखून कापायची असते. शिवाय पुढची फाइल आधीच उघडून तयार ठेवायची असते. फ्लॅकमध्ये ती भरलेली शांतता नसते, पण फाइल उघडायला उशीर करणारा प्लेअर तिथेही अडखळतोच. म्हणून सेटिंगमध्ये गॅपलेस असं लिहिलेलं आहे तेवढ्यावर समाधान मानू नका, स्वतःच्या दोन फायली वाजवून बघा. जयपूर घराणं ज्यांनी उभं केलं त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून त्याच घराण्याची लय तुटलेली ऐकायची म्हणजे मला तरी सहन होत नाही.

दुसरी गोष्ट बटणं. आजकालचे बरेच प्लेअर म्हणजे अँड्रॉइड घातलेला, सिम नसलेला फोनच असतो. घरी सोफ्यावर बसून ऐकायला छान, गाडी चालवताना काचेवर बोट फिरवून पुढचं गाणं शोधायचं म्हणजे नजर रस्त्यावरून गेलीच. मला कडेला खरीखुरी दाबायची बटणं पाहिजेत, थांबवायचं, पुढचं, मागचं आणि आवाज, आणि ती न बघता अंगठ्याला कळली पाहिजेत. सोनीच्या वॉकमन ए-३०६ ला टचस्क्रीन असूनही कडेला अशी बटणं आहेत, ते मला आवडतं. माझ्या प्लेअरच्या मधल्या बटणावर आईने एक टिकली चिकटवून ठेवलीय, बारकी, लाल, मखमली. रत्नागिरीला असते तेव्हा दुपारी जेवणं झाली की आई पडल्या पडल्या बाबांची कॅसेट लावायला सांगते, चष्मा काढून ठेवलेला असतो, अंगठा टिकलीवर गेला की गाणं सुरू, डोळा लागायला आला की परत टिकलीवर अंगठा, गाणं बंद, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तिथूनच पुढे.

हे 'तिथूनच पुढे' फार मोलाचं आहे. खूप जण म्हणतात वेगळा प्लेअर कशाला, गाडीच्या स्टिरिओला पेनड्राइव्ह लावला की झालं. तीन-चार मिनिटांची गाणी ऐकत असाल तर खरंच झालं, मीही तेच सांगेन. पण पन्नास मिनिटांचा राग चालू असताना पेट्रोल भरायला थांबलात, किल्ली काढली, परत लावली की काही स्टिरिओ राग पहिल्यापासून सुरू करतात, काही तर पेनड्राइव्हवरच्या पहिल्या गाण्यावरच जातात. प्लेअर मात्र आपल्या बॅटरीवर असतो, त्याला गाडी बंद झाली काय आणि चालू झाली काय.

पेनड्राइव्हच लावणार असाल तर ३२ जीबीचा घ्या आणि फॅट-३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करा, त्यापेक्षा मोठा असला की विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये तो पर्याय दिसत नाही आणि बाकीचे प्रकार जुन्या स्टिरिओंना वाचता येत नाहीत. फ्लॅकही बऱ्याच गाड्यांत वाजत नाही, एमपीथ्री भरा. नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे घाला नाहीतर क्रम भलताच लागतो, आणि फायलींची नावं रोमन लिपीत ठेवा, देवनागरी नाव दिलं की कितीतरी स्टिरिओंवर नुसते चौकोन दिसतात. मला हे मनापासून खटकतं, मराठी गाण्याचं नाव मराठीत दिसू नये म्हणजे काय, पण सध्या तरी असं आहे.

प्लेअर गाडीला जोडायचा तर ऑक्सची, म्हणजे हेडफोनच्या पिनेची वायर सगळ्यात भरवशाची. माझ्या गाडीत ऑक्स आहे म्हणून मी ती गाडी अजून जपून ठेवलीय. ऑक्समध्ये एकच त्रास होतो, प्लेअर गाडीच्या चार्जरला लावून ठेवला की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. तो अल्टरनेटरचा आवाज असतो, चार्जरची आणि ऑक्सची अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडली गेल्यामुळे आत शिरतो. चार्जर काढा, बॅटरीवर वाजवा, लगेच जातो. चार्जिंग करत करतच ऐकायचं असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत मधे घालायला मिळते.

नवीन गाड्यांत ऑक्स गेलंय, तिथे ब्लूटूथ. मग प्लेअरला ब्लूटूथ पाहिजे हे उघड आहे. फक्त गाडीतल्या चौघांचे फोन आधीपासून जोडलेले असतील तर गाडी कुणाचातरी फोन पकडून बसते, तेव्हा जुने फोन यादीतून काढून टाका. एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवायची पद्धत) वगैरे जे बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहितात ते दोन्ही बाजूंना असलं तरच उपयोगाचं, आणि गाडीत टायरचा आणि वाऱ्याचा आवाज चालू असताना तो फरक मला तरी ऐकू येत नाही. एफएम ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारी डबी, तिच्या नादी लागू नका, शहरात मोकळी फ्रिक्वेन्सी सापडत नाही आणि दर दहा किलोमीटरला दुसरं स्टेशन अंगावर येतं.

घरी अगदी सोपं आहे. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर आणा, अॅम्प्लिफायरच्या मागे ऑक्सला लावा. प्लेअरमध्ये लाइन आउट, म्हणजे अॅम्प्लिफायरसाठी ठरावीक पातळीचा आवाज देणारी सोय, असेल तर ते निवडा, नसेल तर प्लेअरचा आवाज ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त अॅम्प्लिफायरवर करा. प्लेअरचा आवाज अगदी कमी ठेवून अॅम्प्लिफायर चढवला की खरखर वाढते.

आयपॉडबद्दलही सारखं विचारतात. पहिला आयपॉड २००१ साली आला, २०२२ मध्ये अॅपलने शेवटचा आयपॉडही बंद केला, आणि लोकांना हवा असतो तो चाकाचा, १६० जीबीचा क्लासिक तर २०१४ लाच थांबला. आता मिळतो तो जुना, आत फिरणारी हार्ड डिस्क असते, खड्ड्यांच्या रस्त्यावर मी ती नेणार नाही. ओळखीच्या माणसाने डिस्क काढून कार्ड बसवून दिलं असेल आणि बॅटरी नवीन असेल तर जरूर घ्या, ते चाक अजूनही सुंदर चालतं.

आणि ज्यांच्याकडे ना फायली ना सीडी, फक्त आईवडिलांना जुनी गाणी ऐकायचीयत, त्यांना मी प्लेअर सांगतच नाही, सारेगामाचा कारवां सांगते. २०१७ साली आला, आत पाच हजार हिंदी गाणी भरलेली, मराठी गाण्यांचाही निघाला. मोठं गोल बटण फिरवायचं, गाणं लागतं. आतली गाणी बदलता येत नाहीत, पण यूएसबीला आपला पेनड्राइव्ह लावता येतो.

जुना फोन प्लेअर म्हणून वापरू का, तर हो, सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, व्हीएलसी हे गाणी वाजवायचं अॅप घाला, फुकटात काम होतं. फक्त तो, किंवा कुठलाच प्लेअर, गाडीत ठेवून जाऊ नका. माझा जुना फोन मे महिन्यात डॅशबोर्डवर राहिला, बंद गाडी, दुपारचं ऊन, संध्याकाळी बघते तर बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. तेव्हापासून गाडीतून उतरताना प्लेअर पर्समध्ये.

काकांना मी एवढंच सांगितलंय, अजून काही ऑर्डर करू नका, शनिवारी गाडी घेऊनच आमच्याकडे या. माझा प्लेअर आधी तुमच्या गाडीला लावू, मालकंसाच्या त्या दोन फायली वाजवू, मग वर येऊन अॅम्प्लिफायरला लावू, आणि बटणं डोळे मिटून दाबून बघा. काकूंनाही आणा म्हटलं, घाटात गाणं बदलायला त्याच असतात ना शेजारी.