पंचशीलचा तास

नागपुरात एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. त्या दिवशी पंचशील करार शिकवायचा होता, म्हणजे तिबेटशी व्यापार आणि ये-जा यांबद्दल भारत आणि चीन यांनी केलेला करार; एकमेकांवर अतिक्रमण न करण्यासारखी पाच तत्त्वं त्यात आहेत. सुरुवातीलाच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, परराष्ट्र व्यवहारात नीती-बिती काही नसते. फायदा पाहायचा."

हे मला मुळीच पटत नाही. मी त्याला 1946 ची गोष्ट सांगितली. देश अजून स्वतंत्रही झाला नव्हता. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांत नेला आणि त्या देशाशी व्यापार तोडला. त्यात आपलंही नुकसान होतंच.

तेवढ्यात एक मुलगी उठली. तिचं घर गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत. "सर, सह्या तर दोघांच्याच होत्या ना जी? आमच्या लोकायले विचारलं का कोणी?"

विचारलं नव्हतं. 29 एप्रिल 1954 च्या या कराराच्या नावातच तिबेट हा 'चीनचा प्रदेश' आहे. तिबेटातल्या यातुंग आणि ग्यांत्से इथले आपले सैनिक काढून घ्यायचं आपण कबूल केलं, तिथली टपाल-तारेची व्यवस्था चीनच्या हवाली केली. तिबेटच्या स्वायत्ततेबद्दल मात्र करारात एक ओळ नाही. अतिक्रमण करायचं नाही, हे तत्त्व ज्यांच्या भूमीवर चीनच्या फौजा आधीच शिरल्या होत्या त्यांना वगळूनच लिहिलं गेलं.

मग मी बाबासाहेबांचं 26 ऑगस्ट 1954 चं राज्यसभेतलं भाषण काढलं. माओंचा पंचशीलावर विश्वास असता, तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, असं ते म्हणाले होते. दीक्षाभूमीच्या या शहरातल्या मुलांना संविधान सभेतलं त्यांचं भाषण तोंडपाठ असतं. हे मात्र वर्गात जवळपास कोणीच वाचलेलं नव्हतं.

"म्हणजे माझंच खरं," तो मुलगा म्हणाला. नाही. तत्त्व खोटं नव्हतं, ते दोन सरकारांपुरतं आखडलं होतं.

"मग भारतानं करायचं तरी काय होतं? लढायचं?" त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. तिबेटात लढण्याची ताकद आपल्यात नव्हती. पण सही अडवून धरता आली असती, स्वायत्ततेचं कलम मागता आलं असतं. 1950 मध्ये एल साल्वादोरनं तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला, तेव्हा तो पुढे ढकला म्हणणाऱ्यांत आपण नसतो, तरी पुष्कळ होतं. तास संपला तरी दोघं यावरच भांडत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही.