पोपट आमच्याकडचाच आहे ना

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्यानंतरच्या शनिवारी सहावीच्या वर्गात जे घडले, ते लिहून ठेवायचे मी बरेच दिवस लांबणीवर टाकत होते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती एका दिवसाची नसून गेली अठरा वर्षे मी रोज लाल शाईने केलेली आहे.

मी पूर्व नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलांकडून कविता लिहून घ्यायची म्हटले की वर्षानुवर्षे एकच पीक येते: पाऊस, त्याखाली छत्री, फुले आणि त्यांना जुळणारी मुले. विषय दिला की मुले पाठ्यपुस्तकाच्या आवाजात बोलू लागतात, म्हणून त्या वर्षी विषय द्यायचाच नाही, फक्त ऐकवायचे आणि मग एखाद्या परीकथेतल्या पात्राला बोलू द्यायचे, असे मी ठरवले. शनिवारी सकाळची शाळा असते आणि दप्तर नसते. त्यामुळे थोडी मोकळीक होती. स्पीकर माझा घरचाच होता.

सुरुवात मी आधीच्या दोन शनिवारी पाश्चात्त्य संगीतापासून केली होती. सर्गेई प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने 1936 साली मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहासाठी ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा रचली. तिच्यात प्रत्येक पात्राला स्वतःचे वाद्य आहे: पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजरीला क्लॅरिनेट, आजोबांना ‘बसून’ (bassoon) नावाचे फुंकवाद्य, लांडग्याला तीन हॉर्न आणि पीटरला तंतुवाद्ये. गोष्ट न सांगता मी आधी नुसती वाद्ये ऐकवली आणि कोण असेल ते विचारले. क्लॅरिनेट वाजताच वर्गाने ‘लग्नातला बँड’ म्हणून ओळख पटवली, ते बरोबरच होते. बसूनचा तो जाड, आतल्या आत घोळणारा आवाज ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे आजोबाच असन. तोंडात खर्रा आहे त्यायच्या.” खर्रा म्हणजे आमच्याकडचे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. वर्ग हसला, मीही हसले, पण वाद्याचे इतके नेमके वर्णन मी कुठल्याही संगीतविषयक लेखात वाचलेले नाही.

त्या कथेच्या शेवटी लांडगा पकडला जातो, मिरवणूक निघते, आणि त्या गदारोळात ओबोचा क्षीण सूर येतो, कारण लांडग्याने घाईत बदक न चावता गिळलेले असते आणि ते त्याच्या पोटात अजून ओरडत असते. इथे खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. ही मुलगी एरवी हजेरीला ‘उपस्थित’ एवढेच बोलते. तिने विचारले, “म्हंजे ते जिवंत आहे? मग त्याले बाहेर काहून नाई काढून राहिले?” मी सांगितले की गोष्ट तिथेच संपते. हे उत्तर तिला पटले नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होते, आणि तास संपल्यामुळे माझी सुटका झाली.

त्या शनिवारी मी सारंगीवर वाजवलेला मारवा लावला. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग, आणि मी तो सकाळी साडेनऊला लावत होते. माझे दिवंगत काका असते तर त्यांनी स्पीकरच काढून घेतला असता. पण मला तोच हवा होता. त्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य असतो, आणि ज्या षड्जावर, म्हणजे मूळच्या ‘सा’वर, बाकीचे राग निवांत टेकतात, त्या षड्जाला मारवा सारखा टाळत राहतो. यातले काहीही मी मुलांना आधी सांगितले नव्हते. आलाप चार-पाच मिनिटे चालला असेल, तेवढ्यात तोच मागच्या बाकावरचा मुलगा अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, “याले घर सापडून नाई राहिलं का?”

मी रेकॉर्डिंग थांबवून त्यांना षड्ज कसा टाळला जातो ते गाऊन दाखवले, आणि सिव्हिल लाइन्समधले सभागृह ज्यांच्या नावाचे आहे त्या डॉ. वसंतराव देशपांडे यांच्याविषयी सांगितले: ते याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकले, आणि पुढे तरुणपणी लाहोरला गेल्यावर असद अली खाँ यांनी त्यांना काही महिने केवळ मारवाच शिकवला. “एकच?” असा प्रश्न चार ठिकाणांहून आला. एकच, म्हणून मी पुन्हा सारंगी सुरू केली. अट इतकीच होती की गोष्टीतले कुठलेही एक पात्र निवडायचे आणि वाद्य वाजते आहे तोपर्यंत त्यालाच बोलू द्यायचे. यमक जुळलेच पाहिजे असे नाही.

बहुतेकांनी राजपुत्र, परी आणि भोपळ्यातली म्हातारी निवडली, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या अर्ध्याअधिक कविता साधारण होत्या. एकीने मारबत निवडली, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला मिरवत नेऊन जाळतात तो पुतळा. दोन-चार दिवसांपूर्वीच मिरवणूक निघून गेली होती, ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी सगळ्यांच्या कानांत ताजी होती, आणि हिने मारबतीलाच विचारायला लावले होते की सगळ्यांची दुखणी घेऊन मी जायचे ते कुठे. मारबत परीकथेत बसते का, हा प्रश्न मी स्वतःपाशीच ठेवला.

मग खिडकीजवळच्या मुलीची वही हाती आली. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिने लिहिले होते:

राक्षसाचा जीव माह्यात,
माहा जीव कोनात?
पिंजऱ्याले कुलूप नाई
तरी मी आतच.
राजपुत्र येते, मान पिरगाळते,
राक्षस मेला म्हनून सारे नाचते.
पोपट मेला
हे कोनी म्हनतच नाई.

बदक लांडग्याच्या पोटात होते, इथे राक्षस पोपटाच्या पोटात आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी गोष्ट संपली म्हणून जो प्रश्न मिटवला होता, तो तिने उलटा करून माझ्यासमोर ठेवला होता. ही गोष्ट मी लहानपणी आजीकडून किती वेळा ऐकली असेन, पण त्या पोपटाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आणि इतके सगळे कळत असताना माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला, ‘माह्यात’खाली रेघ ओढली गेली आणि वर ‘माझ्यात’ लिहून झाले.

दुसऱ्या ओळीवर मी थांबले. लय बिघडते म्हणून थांबले असे म्हणता येणार नाही, कारण ‘माझा जीव कोणात’ हेही तितकेच चांगले म्हणता येते. मी तिला जवळ बोलावून विचारले, “हे बदलायचे का गं?” तिने वहीकडे पाहिले, मग माझ्या पेनाकडे, आणि म्हणाली, “मॅडम, पोपट आमच्याकडचाच आहे ना.”

माझी आजी शेवटपर्यंत ‘मले’, ‘तुले’ बोलत असे, आणि माझे स्वतःचे ‘माहा’ चौथीत असताना बाईंनी पट्टीने घालवले. मी खोडरबर घेतले, पण लाल शाई खोडरबराने जात नाही. शेवटी मी माझ्याच दुरुस्तीवर काट मारली आणि बाजूला सही केली.

प्रकरण तिथे मिटायला हवे होते, पण वर्गाला डोळे असतात. त्याआधी तपासलेल्या अकरा वह्यांत मी ‘हाय’चे ‘आहे’ आणि ‘काहून’चे ‘का’ केलेले होते, आणि खर्ऱ्याचे निदान करणाऱ्या मुलाने उभे राहून विचारले, “तिचं जसंच्या तसं, अन् आमचं काहून सुधरवलं?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. निबंधात आणि परीक्षेत प्रमाण मराठीच लिहावी लागते, हे मी त्यांना सांगणे भाग होते व मी ते सांगितले. पण इथे तर बोलणारी राक्षस, पोपट आणि म्हातारी ही पात्रे होती, आणि त्यांची बोली कोणती हे मला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. म्हणून अकराही वह्या परत देऊन मी म्हटले की तुमचे पात्र घरी कसे बोलत असेल ते तुम्हीच ठरवा आणि माझी दुरुस्ती नको असेल तर ती खोडा.

सात जणांनी खोडली, तिघांनी राहू दिली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाची वही सगळ्यांत शेवटी आली. त्याची कविता लांडग्याची होती, आणि त्याने माझ्या सगळ्या दुरुस्त्या ठेवून शिवाय स्वतःहून आणखी चार शब्द शुद्ध केले होते; ‘पानी’चे ‘जल’सुद्धा केले होते. एवढी तक्रार करून पुन्हा हे कशासाठी, असे मी विचारले.

“लांडगा पुस्तकातली मराठी बोलते, मॅडम,” तो म्हणाला, “म्हनून तं बदक फसते.”